ब्रेक दोन, पाय एक!

(तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)

तर मित्रांनो, झालं असं की या दिवाळीच्या सुट्टीत मामाने नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी घेतली. आता घरात एक भाचा इंजिनिअरिंगला, त्यातही इलेक्ट्रिकलला, म्हटल्यावर गाडीची सगळी जबाबदारी आपोआप माझ्यावर आली. चार्जिंग मी करणार, सेटिंग मी बघणार आणि मामाला कंटाळा आला की चालवणारही मीच. लायसन्स होतंच. दोन दिवस पाचगणीला जायचं ठरलं.

गाडीत एक सोय होती. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी आपोआप हळू होते आणि हळू होता होता बॅटरीही थोडी भरते. यालाच रिजेन म्हणतात. त्याच्या तीन पातळ्या होत्या, मी अर्थातच सर्वात वरची लावली. इतकी मजा आली की दोन दिवसांत ब्रेकच्या पेडलला मी जवळजवळ हात, म्हणजे पाय, लावलाच नाही. "मामा, बघ, एका पेडलवर गाडी चालते!" असं चारदा सांगून झालं.

निघायच्या आदल्या रात्री लॉजवाल्याकडून पंधरा अँपियरचं सॉकेट मागून घेतलं आणि गाडी रात्रभर चार्जिंगला लावली. सकाळी शंभर टक्के! चहा घेतला आणि वाईच्या दिशेने पसरणी घाट उतरायला लागलो. पहिलं वळण आलं. सवयीप्रमाणे मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला.

गाडी हळू झालीच नाही.

उलट उताराने वेग धरला. डॅशबोर्डवर रोज दिसणारी ती हिरवी पट्टी गायब. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी, समोर वळण आणि माझा पाय हवेत. तोंडातून फक्त एवढंच निघालं, "मामा, ब्रेक लागत नाहीये!" शेजारून मामा ओरडला, "अरे, तू दाबलायस कुठे! ब्रेक दाब! ब्रेक!"

दाबला. गाडी लागली. पण वळणाच्या बरीच आत जाऊन लागली, आणि समोरून एसटी येत असती तर हा लेख लिहायला मी असतो की नाही माहीत नाही. पुढचा घाट ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलो. खाली पोचेपर्यंत चाकांमधून जळका वास येत होता. मामा काही रागावला नाही. फक्त एवढंच म्हणाला, "इलेक्ट्रिकलला आहेस ना? मग सांग बरं, काय झालं?"

मला सांगता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात किडा घुसला, आणि त्याचं फळ म्हणजे हा लेख.

काकांचा प्रयोग

सुट्टी संपवून आल्यावर मशीन्स लॅबमध्ये सरांना गाठलं. सर म्हणाले, "मागच्या सेमला इलेक्ट्रिक ब्रेकिंगवर दहा मार्कांचा प्रश्न लिहिलास ना? प्लगिंग, रिओस्टॅटिक, रीजनरेटिव्ह?" लिहिला होता. आकृतीसकट. पण परीक्षेतलं ज्ञान घाटात कुठलं आठवायला!

शेवटी लॅबमधल्या काकांनी ड्रॉवरमधून जुन्या खेळण्यातली एक छोटी डीसी मोटर काढली. तुम्हीही करून बघा, खोलीत बसून होण्यासारखं आहे. मोटरच्या दोन्ही वायरी मोकळ्या ठेवा आणि शाफ्ट बोटांनी फिरवा. सहज फिरतो. आता दोन्ही वायरींची टोकं एकमेकांना जोडा आणि पुन्हा फिरवा. शाफ्ट जड लागतो! मोटर तीच, चुंबक तेच, बोटंही तीच. बदललं काय? पहिल्या वेळी व्होल्टेज तयार होत होता पण विजेला जायला वाट नव्हती. दुसऱ्या वेळी वाट मिळाली, करंट वाहिला, आणि त्या करंटने लेन्झच्या नियमाप्रमाणे फिरण्यालाच विरोध केला. हाच विरोध म्हणजे ब्रेक.

काकांनी मोटर हातात दिली आणि म्हणाले, "वीज घेणारं कुणी असेल तरच ही थांबवते. घेणारं कुणी नसेल तर ही नुसती फिरते."

मंडळी, या लेखाचं सार एवढंच आहे. बाकी सगळा विस्तार. पण विस्तार आवश्यक आहे, कारण उद्या आपल्यापैकी निम्मे लोक अशाच गाड्या चालवणार आहेत आणि उरलेले त्या बनवणार आहेत.

ब्रेक म्हणजे ऊर्जेची विल्हेवाट

गाडी थांबवायची म्हणजे तिची गतिज ऊर्जा कुठेतरी पाठवायची. मामाची गाडी आम्ही तिघं-चौघं धरून १७०० किलो समजू. ताशी ६० किलोमीटर वेगाला तिची गतिज ऊर्जा भरते साधारण २३६ किलोज्यूल, म्हणजे ६५ वॅट-तास. आपल्या खोलीतला पंखा यावर जवळपास तासभर फिरेल. प्रत्येक सिग्नलला एवढी ऊर्जा कुठेतरी ठेवावी लागते.

घर्षणाचा ब्रेक ती उष्णतेत घालवतो. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरपर्यंत जातो, दोन्ही बाजूंचे पॅड डिस्कला चिमटीत धरतात, डिस्क तापते, हवा ती थंड करते. ऊर्जा गेली ती गेली. पण या बिचाऱ्याची एक थोर गोष्ट आहे, तो कोणाचीही परवानगी मागत नाही. बॅटरी भरलेली असो, रिकामी असो, गाडी बंद असो, पेडल जोरात दाबलं की तो थांबवतोच. चारही चाकांना.

रिजेन मात्र मोटरचाच जनरेटर करतो. पाय उचलला की इन्व्हर्टर मोटरला उलट टॉर्क द्यायला लावतो, चाकं मोटरला फिरवतात, तयार झालेली वीज इन्व्हर्टरमधून डीसी होऊन बॅटरीत जाते. झीज नाही, धूळ नाही, वास नाही. आणि वर वीज परत!

ही कल्पना काही नवी नाही. मुंबईच्या लोकलमध्ये २००७ साली आलेल्या नव्या गाड्या ब्रेक लावताना वीज ओव्हरहेड वायरमध्ये परत पाठवू लागल्या. दिल्ली मेट्रोचा याच तत्त्वावरचा प्रकल्प २००७ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या कार्बन क्रेडिट योजनेत नोंदला गेला आणि जगातला तसा पहिला रेल्वे प्रकल्प ठरला. गंमत म्हणजे तिथेही काकांचाच नियम. डीसी मार्गावर गाडीने परत दिलेली वीज जवळची दुसरी गाडी खाते. जवळ खाणारं कुणी नसेल तर वायरमधला व्होल्टेज चढतो आणि गाडीला मुकाट्याने घर्षणाच्या ब्रेककडे वळावं लागतं.

कॉशन मनीचा हिशोब

"वीज परत मिळते" म्हटलं की आपल्याला वाटतं सगळीच मिळते. हॉस्टेलचं कॉशन मनी आठवा. भरताना पूर्ण भरतो, परत घेताना तुटलेली खिडकी, हरवलेली किल्ली, ट्यूबलाइट, असं करत करत हातात काय येतं?

इथेही तसंच. चाकापासून बॅटरीपर्यंत जाताना गिअर, मोटर, इन्व्हर्टर आणि खुद्द बॅटरी असे चार टप्पे लागतात. त्यांची कार्यक्षमता ढोबळमानाने ९७, ९२, ९६ आणि ९५ टक्के धरली तर गुणाकार येतो ८१ टक्के. पण ही वीज पुन्हा वापरायची तर तोच रस्ता उलट, म्हणजे आणखी एकदा ८१. दोन्हींचा गुणाकार साधारण ६६ टक्के. म्हणजे शंभर रुपयांतले चौतीस रुपये येण्याजाण्यातच गेले.

म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. रिजेनने थांबणं हे घर्षणाने थांबण्यापेक्षा केव्हाही चांगलं, पण थांबायची वेळच न येऊ देणं त्याहून चांगलं. लांबवरचा सिग्नल लाल दिसला तर आधीच पाय हलका करा, गाडी वाहत जाऊ द्या. वाहत्या गाडीत ऊर्जा आहे त्याच रूपात राहते, कटौती कसलीच नाही (हवेची आणि टायरची सोडून, ती कुणालाच चुकत नाही). जोरात पळवायचं आणि जोरात रिजेन करायचं, यात मजा असेल, बचत नाही.

पसरणी घाटाचा हिशोब

आता माझ्या घाटाकडे येऊ. पाचगणी ते वाई रस्ता साधारण १२ किलोमीटर, आणि उतार साडेपाचशे मीटरच्या आसपास धरू. १७०० किलोची गाडी तेवढं खाली आणायची म्हणजे एमजीएच काढा (अकरावीचं फिजिक्स!), ९.२ मेगाज्यूल येतात. घरच्या भाषेत अडीच युनिट वीज. ताशी ४० च्या वेगाने टायर आणि हवा मिळून त्यातली सुमारे पाऊण युनिट खातात. उरली पावणेदोन ते एक पूर्णांक आठ युनिट. ही ब्रेकने पचवायची.

रिजेन चालू असता तर यातली जवळपास दीड युनिट बॅटरीत गेली असती. ३० युनिटच्या बॅटरीत हे पाच टक्के. हाच घाट चढताना मात्र सुमारे चार युनिट, म्हणजे साडेतेरा टक्के गेले होते. म्हणजे "घाट चढलो तेवढं उतरताना परत मिळतं" असं कुणी सांगितलं तर त्याला हिशोब करायला बसवा.

पण त्या दिवशी रिजेन नव्हता. ती सगळी ऊर्जा गेली डिस्कमध्ये. किती झाली माहीत आहे? २० लिटरची बादलीभर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत तापवायला ६.३ मेगाज्यूल लागतात. बरोबर तेवढी! म्हणजे वाईला पोचेपर्यंत मी चार डिस्कवर एक बादली आंघोळीचं पाणी उकळवलं. (आमच्या विंगमध्ये सोलर बंद असतो तेव्हा हाच उपाय करावा का, असा विचार चालू आहे.)

हसण्यावारी नेऊ नका. चार डिस्कचं मिळून लोखंड वीस किलोच्या आसपास. हवेने थंड होत नसत्या तर एवढ्या उष्णतेने त्या साडेसहाशे अंशांच्या वर गेल्या असत्या. प्रत्यक्षात हवा बरीच उष्णता नेते, पण पाय सतत ब्रेकवर ठेवला तर तिला पुरेसा वेळ मिळत नाही. आधी पॅडची पकड कमी होते, ज्याला फेड म्हणतात. मग उष्णता कॅलिपरमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. हे ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेतं. ताजं डॉट-४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा मानक आहे, तेच ऑइल ओलावा शोषल्यावर १५५ पर्यंत खाली आलं तरी मानकात बसतं. डॉट-३ चं तर १४० च. एकदा ऑइल उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे, बुडबुडे दाबले जातात, आणि पेडल थेट तळाला जातं. खरा ब्रेक फेल तो हा!

पेट्रोल-डिझेल गाडीवाल्यांना या दिवशी एक आधार असतो. एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांचा मंत्र, "ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा." इंजिनच गाडी धरून ठेवतं. इलेक्ट्रिक गाडीला बहुधा एकच गिअर, खाली टाकायला दुसरा नाहीच. तिचं इंजिन ब्रेकिंग म्हणजे रिजेन. तो गेला की घाटात तुम्ही आणि तुमचे चार ब्रेक, बस्स.

रिजेन हात वर करतो तेव्हा

आता मुख्य प्रश्न, तो गेला का? याची उत्तरं एकाहून अधिक आहेत आणि व्हायवाला विचारण्यासारखी आहेत.

पहिलं, बॅटरी भरलेली. हे माझं. लिथियमच्या एका सेलचा व्होल्टेज ठरावीक मर्यादेपलीकडे न्यायचा नसतो, एनएमसी प्रकारात ती साधारण ४.२ व्होल्ट. शंभर टक्क्यांवर सेल त्या मर्यादेला टेकलेलाच असतो. त्यात आणखी करंट ढकलला तर सेल खराब होईल, प्रसंगी धोकाही. म्हणून बॅटरीची नियंत्रण यंत्रणा म्हणते, "दार बंद." मोटर वीज द्यायला तयार, घेणारं कुणी नाही. काकांची मोकळ्या वायरींची मोटर! आणि दार एकदम बंद होत नाही, भरत येईल तसं हळूहळू लोटलं जातं. त्यामुळे ९५ टक्क्यांना रिजेन असतो पण अशक्त, आणि तो "आहे" या भरवशावर राहणं जास्त फसवं.

दुसरं, बॅटरी थंड. थंड सेलला घाईने चार्ज केलं तर लिथियम आत जाण्याऐवजी वरच साचतं आणि सेलचं आयुष्य घटतं. म्हणून कडक थंडीच्या सकाळी पहिले काही किलोमीटर रिजेन कमी मिळतो. लेह-मनालीला जाणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

तिसरं, मागणीच मोठी. ताशी ८० ला अचानक कुत्रं आडवं आलं आणि तुम्ही कचकन ब्रेक दाबला. कोरड्या रस्त्यावर ८ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं मंदन धरलं तर त्या पहिल्या क्षणी ब्रेकची शक्ती होते सुमारे ३०० किलोवॅट, म्हणजे चारशे हॉर्सपॉवर! ३० युनिटच्या बॅटरीने ती घ्यायची तर तासाच्या दहाव्या हिश्श्यात भरण्याच्या वेगाने घ्यावी लागेल. अशी बॅटरी ३० ते ६० किलोवॅट घेते तेही मोठ्या मनाने. उरलेलं सगळं घर्षणाने करायचं. अंतराच्या भाषेत सांगायचं तर ताशी ८० वरून पूर्ण ब्रेक दाबून गाडी ३१ मीटरमध्ये थांबते. नुसता पाय उचलून, दीड मीटर प्रति सेकंद वर्गाच्या रिजेनवर विसंबलात तर १६५ मीटर. क्रिकेटची पीच वीस मीटरची, मोजा किती पिचा होतात ते.

चौथं, रस्ता निसरडा. रिजेन फक्त मोटर जोडलेल्या चाकांवर चालतो, बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या दोनच. पहिल्या पावसाच्या चिखलात ती चाकं घसरू लागली की एबीएस रिजेनला बाजूला सारून घर्षणाचा ताबा घेतं. त्या बदलाच्या क्षणी पायाला एक पोकळ झटका जाणवतो. २०१० च्या फेब्रुवारीत टोयोटाने प्रियससह चार लाखांहून अधिक हायब्रिड गाड्या परत बोलावल्या होत्या, त्या याच सांध्यासाठी. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर रिजेनकडून घर्षणाकडे जाताना ब्रेक क्षणभर ढिला वाटे. दुरुस्ती झाली ती सॉफ्टवेअर बदलून.

पाचवं, उभी गाडी. वेग नाही तर व्होल्टेज नाही. रिजेन गाडी हळू करतो, चढावर धरून ठेवत नाही. ते काम हँडब्रेकचं, पेडलचं नाहीतर गाडीतल्या वेगळ्या सोयीचं.

आणि न्यूट्रल. न्यूट्रलमध्ये टाकली की रिजेन संपला. वाचतंही काही नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना चांगलाच माहीत आहे. न्यूट्रलवर उतरणाऱ्या जड गाड्यांनी तिथे काय केलंय ते सांगायला नको.

तुमच्या पेडलमागे कोण आहे?

सगळ्या गाड्या सारख्या नसतात, आणि इथेच बहुतेक जण गोंधळतात. काही गाड्यांत ब्रेक पेडल म्हणजे सरळ हायड्रॉलिक. दाबलं की घर्षण. रिजेन फक्त ॲक्सिलरेटर सोडण्यावर. टेस्लाने हीच पद्धत ठेवली, आणि पुढे बॅटरी भरलेली असताना पाय उचलल्यावर गाडीने स्वतःच थोडा घर्षण ब्रेक लावून नेहमीसारखं मंदन द्यावं असा पर्यायही दिला. म्हणजे माझ्यासारखे बरेच असणार!

दुसऱ्या प्रकारात, प्रियससारख्या, पेडल दाबलं तरी आधी कॉम्प्युटर विचार करतो. जेवढं रिजेनने जमेल तेवढं रिजेनने, उरलेलं घर्षणाने, आणि पायाला फरक कळू द्यायचा नाही. यात पेडल दाबलं म्हणजे वीज वाया गेलीच असं नाही. तेव्हा आपल्या गाडीचं पेडल कुठल्या जातीचं आहे ते मॅन्युअलमध्ये वाचा. होय, मॅन्युअल. ते डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत असतं.

मागच्या गाडीवाल्याचाही विचार हवा. नुसता पाय उचलून गाडी हळू होते तेव्हा मागचे दिवे लागतात का? संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांनुसार मंदन १.३ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेलं की ब्रेकचे दिवे लागलेच पाहिजेत. ०.७ पर्यंत लागू नयेत. मधल्या पट्ट्यात कंपनीची मर्जी. म्हणून ट्रॅफिकमध्ये मागे एखादी बाइक चिकटून येत असेल तर पेडलला हलका स्पर्श करावा. दिवा लागतो, तो सावध होतो.

न वापरलेला ब्रेक गंजतो

रिजेनमुळे पॅड वर्षानुवर्षं टिकतात, ही चांगली बातमी. ब्रेकची धूळ कमी, हीसुद्धा. युरोपच्या युरो-७ नियमांत, २०२४ साली मंजूर झालेल्या, प्रथमच ब्रेकच्या धुळीवर मर्यादा आली. बहुतेक मोटारींना किलोमीटरला ७ मिलिग्रॅम, पण पूर्ण इलेक्ट्रिकला ३ च. म्हणजे नियम करणाऱ्यांनी गृहीतच धरलं की यांचे पॅड कमी घासणार.

पण दुसरी बाजू बघा. डिस्क ओतीव लोखंडाची. रोज घासली जाते म्हणून चकचकीत राहते. तिला कामच दिलं नाही तर पावसाळ्यात, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत तर विचारूच नका, गंज चढतो. कॅलिपरच्या पिना अडकतात. आणि ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी ब्रेक एका बाजूला ओढतो. फोक्सवॅगनने आयडी-३ या इलेक्ट्रिक गाडीला मागे डिस्कऐवजी जुन्या पद्धतीचे बंद ड्रम दिले, त्यात हाही विचार होताच. जे क्वचित वापरायचं ते झाकून ठेवलेलं बरं.

तीच गत पायाची. दोन दिवस ब्रेक न दाबल्यावर माझा पाय दाबायचंच विसरला होता. डिस्कवर गंज चढायला पावसाळा लागतो, पायावर चढायला दोन दिवस पुरले.

मग चालवायचं कसं?

सरांनी, मामाने आणि त्या वळणाने मिळून मला शिकवलेलं थोडक्यात देतो.

१. रोजच्या रस्त्यावर रिजेन भरपूर वापरा. पण आधी लांब बघा, गाडी वाहू द्या, मग रिजेन, मग ब्रेक. क्रम हाच.

२. डोंगरावर मुक्काम असेल तर वर १०० टक्के भरू नका. घाटातून ५ टक्के येणार, आणि भरत आलेली बॅटरी तेही नीट घेत नाही, म्हणून ९० च्या आतच थांबा. एवढी जागा रिकामी ठेवली तर वीजही मिळते आणि ब्रेकही.

३. निघाल्यावर पहिल्या दोनशे मीटरमध्ये, सपाटीवरच, एकदा पाय उचलून बघा आणि एकदा ब्रेक दाबून बघा. दोघं हजर आहेत का? मगच उताराला लागा.

४. तरीही रिजेन नसेलच तर घाट सुरुवातीपासूनच हळू घ्या. पाय ब्रेकवर नुसता टेकवून ठेवू नका. ठामपणे दाबा, वेग उतरवा, सोडा. डिस्कला श्वास घेऊ द्या. वास आला तर सुरक्षित जागी थांबा, आणि तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका.

५. संकटात पाय उचलणं म्हणजे ब्रेक लावणं नव्हे. पेडल दाबा. पूर्ण दाबा.

६. आठवड्यातून एकदा, मागे कुणी नाही असं बघून, दोनचारदा चांगला दमदार ब्रेक लावा. गंज पुसला जातो, पायालाही आठवण राहते. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या मुदतीला ब्रेक ऑइल बदला, पॅड नवे दिसत असले तरी. ऑइल किलोमीटरवर नाही, दिवसांवर म्हातारं होतं.

७. उतारावर न्यूट्रल नाही. कधीच नाही.

असो. परवा मामाचा फोन आला होता. म्हणाला, "अरे, महाबळेश्वरला निघालोय दोन दिवस. येताना काय करू?" मी एका दमात सगळा हिशोब सांगितला, एमजीएच पासून बादलीपर्यंत. पलीकडे जरा वेळ शांतता. मग मामा म्हणाला, "म्हणजे वर नव्वदच्या आत चार्जिंग बंद करायचं आणि ब्रेक विसरायचा नाही, एवढंच ना?"

एवढंच, मामा. पण हे एवढंच त्या सकाळी मला माहीत नव्हतं.